वसंताने मांडलेला शेजार

दवाखान्यात मला कोणी भेटायला आलं की माझं लक्ष आधी त्याच्या हातातल्या पिशवीकडे जातं. ही खोड मला वसंता इंगोलेनं लावली. मागे डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा भाचा नारळपाणी घेऊन आला, तर मी एका डोळ्यानं पिशवीच बघत होतो. भाच्याला वाटलं, मामाला भूक लागली. वसंता जाऊन आता दोनेक वर्षं होतील. पण त्या धुरकट नजरेला क्षणभर दारात तोच दिसला होता. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि हातात ती खाकी पिशवी, जिच्यात काय आहे ते तो उठायला लागेपर्यंत कळायचं नाही.

आमची ओळखच दवाखान्यात झाली. मी अमरावतीला ज्युनियर कॉलेजात नवा लागलो होतो, साईनगरात खोली घेऊन एकटा राहत होतो, आणि पहिल्याच उन्हाळ्यात कावीळ झाली. बाजूच्या खाटेवरच्या माणसाला बघायला वसंता आला होता. जाता जाता माझ्या खाटेशी थांबला.

"तुमचं कोनी नाई इथी?"

"घरचे गावाला आहेत. कळवलं नाही."

"काहून?"

"घाबरतील."

त्यानं मान हलवली आणि गेला. दुसऱ्या दिवशी बाजूचा माणूस घरी गेला होता तरी वसंता आला, माझ्यासाठी मुगाची खिचडी घेऊन. त्यात तेलाचा थेंब नव्हता. बायकोला सांगून करवून आणली होती. मग मी सुटेपर्यंत रोज आला. सुटलो त्या दिवशी स्कूटरवर मागे बसवून, माझा एक हात आपल्या पोटाशी धरून त्यानं मला खोलीवर आणलं. माठातलं पाणी ओतून दिलं, खिडकी उघडली, गादी उन्हात टाकली. आणि मग पिशवीतून पाण्याच्या फिल्टरची रंगीत चित्रं काढली.

"सर, तुमची कावीळ पान्यातून आली. घ्याच असं मी म्हनत नाई. पन घ्या."

मी घेतला. तो फिल्टर माझ्या लग्नानंतरही कितीतरी वर्षं चालला. पण ती खिचडी फिल्टरसाठी होती की फिल्टर खिचडीसारखाच होता, हे कोडं मला बरेच दिवस सुटलं नाही. एकदा न राहवून त्याच्या बायकोला, सुमनवहिनींना विचारलं. त्या पोळ्या लाटत होत्या. लाटणं न थांबवता म्हणाल्या, "आमच्या लग्नाची बोलनी करायले आले तवा यायनं माह्या मायले कुकर इकला. माय म्हने, पोरगं बोलते गोड, पन कुकरची शिट्टी बी चांगली वाजते. देऊन टाका पोरगी."

वसंता आयुष्यभर विकतच राहिला. कुकर, फिल्टर, विमा, शेवटी प्लॉट. पण अनोळखी माणसाला तो काही विकत नसे. "ज्याचं घर पायलं नाई त्याले माल कसा देऊ? उद्या बिघडला त तो कोनाच्या दारात जाईन?" असं म्हणायचा. मग अनोळखी माणूस भेटला की आधी त्याची ओळख करून घ्यायची. गाव कोणतं, मामा कुठले, पोरगी कितवीत, हे सगळं त्याला खरोखर ऐकायचं असे. ऐकून लक्षात ठेवी, आणि महिन्याभरानं त्या पोरीला हॉस्टेल मिळवून द्यायला स्वतः जाई. या सगळ्यात कुठेतरी विक्री होऊन जायची. ती नेमकी कधी झाली ते गिऱ्हाइकाला सांगता आलं नसतं, आणि मला वाटतं, वसंतालाही.

आमच्या कॉलेजात महादेव नावाचा शिपाई होता. विम्यासाठी वसंतानं त्याचा असा पिच्छा पुरवला की स्कूटरचा आवाज आला की महादेव प्रयोगशाळेत जाऊन बसायचा. "सर, सांगा त्याले, मी सुट्टीवर हाय." शेवटी कंटाळून त्यानं सही केली. पुढच्या वर्षी बडनेऱ्याच्या वळणावर ट्रकनं त्याला उडवलं. वसंता सगळ्यांच्या आधी पोचला. बांबू, मडकं, गोवऱ्या, सगळं त्यानंच बघितलं. स्मशानात लाकडं स्वतः हातानं वाजवून घेतली. ओली निघाली ती परत पाठवली. नंतर विम्याच्या कामासाठी अकोल्याच्या ऑफिसात इतक्या खेपा घातल्या की तिथला साहेब त्याला आपल्या डब्यातलं जेवण देऊ लागला. पैसे मिळाले तेव्हा महादेवची बायको मला म्हणाली, "भाऊनं तरास देल्ला म्हनून आज लेकरं शाळेत हायेत." ती त्याला राखी बांधायला लागली. आणि पहिल्याच राखीला वसंतानं तिला शिलाई मशीन विकलं, हप्त्यानं.

आम्ही हसायचो यावर. वसंताही हसायचा. "राजेहो, ओवाळनी बी टाकली ना मी," म्हणायचा.

एकाच माणसाला त्यानं कधी काही विकलं नव्हतं. प्रभाकर ढोरे. दोघं मूर्तिजापूरच्या शाळेत एका बाकावर होते. प्रभाकर अकोल्याला सरकारी ऑफिसात लागला आणि तिथल्याच क्वार्टरमध्ये राहिला. शांत माणूस, दहा वाक्यांतलं एक बोलणारा. वसंता अकोल्याला गेला की त्याच्याकडे उतरायचा, पण पिशवी बाहेर स्कूटरलाच अडकवलेली ठेवायचा. मी एकदा छेडलं, "प्रभाकररावांना विमा नको का?"

"त्याले बी इकलं त मंग माह्याजवळ काय उरन, सर?"

हे त्यानं इतक्या साधेपणानं सांगितलं की मी तो विषय पुन्हा काढला नाही.

मग प्लॉट आले. अमरावतीहून अकोल्याकडे जाताना रस्त्याच्या डाव्या हाताला एक शेत होतं. मालक वसंताचा जुना दोस्त. त्या शेताचं लेआउट पडायचं ठरलं तेव्हा वसंता वेड्यासारखा झाला. तोवर त्यानं वस्तू विकल्या होत्या. आता त्याला शेजार विकायचा होता. म्हातारपणी सगळे दोस्त एका गल्लीत राहतील, सकाळी एकाच्या घरी चहा, संध्याकाळी दुसऱ्याच्या ओट्यावर गप्पा. पोरं पुण्याला जातात तर जाऊ द्या. मी प्लॉट घेतला. आमचे शंकरराव, बियाण्याचं दुकान असलेले, त्यांनी घेतला. आणखीही काहींनी घेतले.

प्रभाकरला त्यानं विचारलंच नाही. एका रविवारी प्रभाकर अमरावतीला आला होता, आम्ही तिघं माझ्याच घरी बसलो होतो, आणि तो अचानक वसंताला म्हणाला, "सगळ्याइले दाखवला. मले काहून नाई दाखवत?"

"तू राहू दे ना, प्रभाकर."

"मी रिटायर झालो की क्वार्टर सुटते. मंग मी कोठी राहू? तुम्ही सारे इथी बसान, आन मी अकोल्यात एकटा?"

वसंता माझ्याकडे बघायला लागला, जणू मी काही तोड काढीन. "शेतातला हिस्सा इकून पैसे पडेल हायेत," प्रभाकर म्हणाला. "मले परका समजतं का?"

पुढच्या आठवड्यात वसंतानं त्याला जमीन दाखवली.

चुन्याच्या रेघा पडल्या त्या दिवशी त्यानं आम्हा सगळ्यांना बायकापोरांसह तिथे बोलावलं. बाभळीखाली गोवऱ्यांवर रोडगे भाजले, वांग्याची भाजी, कच्चा कांदा. कोणाला कोणता प्लॉट हे वसंतानं आधीच ठरवलं होतं, आणि ते ठरवताना त्यानं किती विचार केला होता ते तेव्हा कळलं. शंकररावांचे गुडघे दुखायचे म्हणून त्यांना रस्त्याजवळचा. मला पुस्तकं वाचायला शांतता हवी म्हणून आतला. प्रभाकरचा आणि त्याचा एकमेकांना लागून. मधे भिंत बांधायची नाही असं दोघांनी ठरवलं. प्रभाकरची बायको, कुसुमवहिनी, त्या रेघांच्या आत उभ्या राहून सुमनवहिनींना दाखवत होत्या, इथे ओटा, इथे तुळस. त्यांचा मुलगा निखिल तेव्हा इंजिनियरिंगला होता. तो वहीच्या कागदावर घराचा नकाशा काढत बसला होता. जेवणं झाल्यावर प्रभाकर आपल्या जागेत मातीवरच आडवा झाला आणि टोपी तोंडावर घेऊन झोपला. त्याला मी इतका निवांत आधी पाहिला नव्हता.

वर्षही गेलं नाही आणि कोर्टाचा कागद आला. मालकाच्या चुलत भावानं दावा लावला होता. जमिनीत त्याचाही हिस्सा होता, वाटणी झालीच नव्हती. कोर्टानं बांधकामाला मनाई केली.

आम्ही वसंताच्या घरी जमलो. सुमनवहिनींनी चहा ठेवला, कोणी कपाला हात लावला नाही. शंकरराव बराच वेळ वकिलांबद्दल बोलत होते.  मग प्रभाकरनं विचारलं, "वसंता, माह्या प्लॉटचं बी कमिशन घेतलं तू?"

"घेतलं."

"बरं."

"धंदा केला त धंद्यासारखा केला, प्रभाकर. सगळ्याइचं घेतलं. कोनापासून लपवलं नाई."

"मंग कागद काहून नाई पायले धंद्यासारखे?"

वसंता खाली बघत होता. तसाच म्हणाला, "मालक दोस्त होता. त्याचे कागद वकिलाले दाखवाचे म्हंजे… त्याले काय वाटलं असतं?"

 प्रभाकर उठला, चपला घातल्या. दारात थांबून त्यानं एकच विचारलं, रागानं नाही, खरंच कळत नसल्यासारखं. "आमाले तू दोस्त म्हनून आनलं का गिऱ्हाईक म्हनून?"

"मले त्यात फरक कदी समजलाच नाई रे," वसंता म्हणाला.

प्लॉट तुलाच घ्यायचा होता, तूच मागे लागला होतास, हे त्यानं प्रभाकरला ऐकवलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

प्रभाकर निवृत्त झाला, क्वार्टर सुटलं, आणि ते अकोल्यातच दोन खोल्यांत भाड्यानं गेले. वसंताशी त्याचं बोलणं बंद झालं. वसंता कोर्टाच्या प्रत्येक तारखेला जाऊन बसायचा, नंतर त्या पडीक जागेवर जाऊन यायचा. चुन्याच्या रेघा केव्हाच धुऊन गेल्या होत्या. बाभळी वाढल्या की कोणाला तरी लावून तो त्या तोडून घ्यायचा. मी एकदा त्याच्याबरोबर गेलो. सरळ मधून जाऊ लागलो तर त्यानं माझा दंड धरला. "तिकून नका, सर. तो प्रभाकरचा हॉल हाय." मी त्याच्याकडे बघितलं. तो हसत नव्हता. जिथे गल्ली असायची तिथून वळसा घालून आम्ही त्याच्या प्लॉटवर गेलो आणि दुपारभर तिथे उभे राहिलो. वारा होता, काँग्रेस गवत होतं. त्याच्या जागेवरून प्रभाकरची जागा कुठे सुरू होते हे मला दिसत नव्हतं. त्याला दिसत होतं.

प्रभाकर गेल्याचा फोन मला सकाळी निखिलनं केला. झोपेतच गेले म्हणाला. मी वसंताला सांगायला गेलो तर तो अंगणात शर्ट घालून उभाच होता. त्याला कोणाकडून तरी आधीच कळलं होतं. बडनेऱ्याहून आम्ही गाडी धरली. मूर्तिजापूर स्टेशन आलं तेव्हा तो दारात जाऊन उभा राहिला आणि गाडी हलेपर्यंत तिथेच होता.

अकोल्याला त्या दोन खोल्यांपुढे गर्दी होती. वसंता सवयीनं आत शिरला, तिरडीजवळ वाकला, दोर बघू लागला. निखिल त्याच्याजवळ आला. पोरगा शांत होता, बापासारखा.

"काका, तुम्ही खांदा नका देऊ."

वसंता वाकलेलाच राहिला.

"बाबा भाड्याच्या घरातून चालले आहेत. माफ करा. पण तुम्ही नका देऊ."

वसंतानं हातातला दोर हळूच खाली ठेवला आणि बाहेर आला. आम्ही निघालो तेव्हा तो रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं चालत होता, ऑटो आणि हातगाड्यांमधून, आमच्या बरोबरीनं. स्मशानात फाटकाच्या आत आला नाही. परतीच्या गाडीत आम्ही समोरासमोर बसलो होतो. बोरगाव गेलं, मूर्तिजापूर गेलं. बडनेरा जवळ आल्यावर तो म्हणाला, "लाकडं ओली होती, सर. धूर पायला मी. मी आत असतो त बदलून घेतली असती."

पुढे काही वर्षांनी तो दावा मिटला. चुलत भावांची समजूत पटली, मनाई उठली. तोवर रस्ता मोठा झाला होता आणि जमिनीला भाव आला होता. पण तिथे घर बांधायला कोणीच निघालं नाही. शंकररावांना मुलानं नाशिकला नेलं. माझी बायको म्हणाली, आता कुठे विटा-सिमेंट. एकेकानं वसंताला फोन केला, आणि प्रत्येकानं तेच म्हटलं. वसंता, गिऱ्हाईक बघ.

त्यानं बघितलं. पण तो आता पहिल्यासारखा विकत नव्हता. घेणाऱ्यांना तो गाव विचारत नसे, कोणाच्या घरी चहा घेत नसे. "कागद वकिलाले दाखवा, साहेब. पुरा तपास करा. मंग या." एवढंच बोलायचा, सगळ्यांना तेच, त्याच आवाजात. शंकररावांना त्यानं आधीच सांगितलं, "माहं कमिशन लागन." शंकरराव मला म्हणाले, "खरं सांगू सर, ऐकून बरं वाटलं." मलाही बरं वाटलं होतं. का, ते मी स्वतःला फारसं विचारलं नाही.

सुमनवहिनी मात्र एकदा म्हणाल्या, "घरात बी तसेच बोलतात आता. भाजी कशी झाली विचारलं त म्हनतात, बरोबर हाय."

सगळ्यात शेवटी प्रभाकरचा प्लॉट निघाला. गिऱ्हाईक वसंतानंच शोधलं होतं, पण निरोपानिरोपी माझ्यामार्फत झाली. रजिस्ट्रीच्या दिवशी निखिल आईला घेऊन अकोल्याहून आला. विकणाऱ्याला ओळखणारे दोन साक्षीदार लागतात. एक मी होतो. दुसरा निखिलचा मित्र यायचा होता, तो आलाच नाही, फोन लागेना. वसंता बाहेर व्हरांड्यात, खिडकीकडे पाठ करून उभा होता.

"दोन लागतील," संगणकावरची मुलगी म्हणाली. "नाहीतर उद्या या."

"वसंतभाऊ हायेत ना," कुसुमवहिनी म्हणाल्या.

 निखिल खुर्ची सोडून बाजूला झाला.

मी वसंताला आत बोलावलं. मुलीनं आधी माझा फोटो घेतला, अंगठा घेतला. "यांना कसे ओळखता?" तिनं विचारलं. रोजचा प्रश्न, मान वर न करता विचारलेला.

"यांच्या मिस्टरांचा मित्र," मी म्हणालो.

वसंता खुर्चीत बसला. कॅमेऱ्याकडे बघितलं. त्याचा अंगठा यंत्रावर उमटेना, म्हाताऱ्या माणसांचा उमटत नाही तसा. मुलीनं तो रुमालानं पुसायला लावला, पुन्हा दाबायला लावला.

"तुम्ही कसे ओळखता?"

कुसुमवहिनींनी त्याच्याकडे बघितलं. निखिलनंही बघितलं, मला वाटतं त्या स्मशानाच्या दिवसानंतर पहिल्यांदाच. वसंताला उत्तर द्यायला वेळ लागला नाही. ते जणू त्यानं व्हरांड्यात उभं राहून ठरवून ठेवलं होतं.

"दलाल," तो म्हणाला. "प्लॉट मी इकला होता त्याइले."

मुलीनं मान डोलावली आणि पुढचं बटण दाबलं.

बाहेर आवारात कुसुमवहिनींनी निंबाखाली डबा सोडला. भाकरी, ठेचा, झुणका. त्यांनी हाक मारली. "भाऊ, दोन घास खाऊन जा."

"नाई वहिनी. दुसऱ्या पार्टीले वेळ देल्ला हाय."

कुठलीही दुसरी पार्टी नव्हती. तो सगळा दिवस त्यानं या कामासाठी मोकळा ठेवला होता, हे मला माहीत होतं. त्यानं सगळ्यांना मिळून एक नमस्कार केला आणि स्कूटरकडे गेला. स्कूटर चालू होईना. त्यानं किक मारली, थांबला, पुन्हा मारली. मग ती ढकलत फाटकाबाहेर नेली आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून पुन्हा किक मारू लागला. म्हातारा माणूस, शर्ट पाठीला चिकटलेला. आमच्याकडे एकदाही वळून बघत नव्हता.

मी उठणार तेवढ्यात निखिल उठला. हातातली भाकरी डब्याच्या झाकणावर ठेवली आणि गेला. काही न बोलता त्यानं मागून दोन्ही हात लावले आणि पळायला लागला. वसंता वर चढून बसला, हँडल धरलं. थोड्या अंतरावर धूर निघाला, इंजिन पेटलं, आणि स्कूटर रहदारीत शिरून अकोला रस्त्याकडे वळली. वसंतानं मागे बघितलं नाही. कोण ढकलतंय हे त्याला कळलं होतं की रस्त्यावरचा कोणी भला माणूस वाटला, ते मला कधीच कळलं नाही, कारण त्यानंतर तो जाईपर्यंत आमची भेट झाली नाही. निखिल तिथेच दम खात उभा होता, आणि स्कूटर दिसेनाशी झाल्यावरही बराच वेळ परत आला नाही.